गाडी खाली आहे

२ एप्रिल

प्रिय काका,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. नवा नकाशा मेच्या पहिल्या गुरुवारी येणार, असं मी लिहिलं होतं. पहिल्या नाही, तिसऱ्या गुरुवारी येणार आहे, म्हणजे एकवीस तारखेला. बाबांच्या तोंडून ऐकलं आणि तपासून न पाहता लिहिलं. छापखान्यात दिवसभर मी औषधांच्या खोक्यातल्या सूचनापत्रांच्या चुका शोधते आणि घरच्या पत्रात स्वतःच चुकते.

'नवा नकाशा' म्हणजे काय, असं तुम्ही विचारलं होतं. बाबा संगणकावर ट्रक चालवतात हे तुम्हाला माहीत आहे. त्या खेळात खऱ्या मुलखातले रस्ते असतात, पण सगळ्या मुलखाचे नाहीत. दर दीड-दोन वर्षांनी खेळ बनवणारे जुन्या नकाशाला नवा तुकडा जोडतात. या वेळचा तुकडा पूर्वेच्या डोंगरांचा आहे. म्हणजे त्यात आपला घाट येणार.

ही बातमी आल्यापासून बाबा दुसरं काही बोलत नाहीत. खोलीत त्यांनी फळीवर गाडीची सीट बसवून घेतली आहे, समोर स्टिअरिंग, पायाशी तीन पेडलं. शेजारी एक लाकडी खुर्ची. तिच्यावर मी एकदा धुतलेले कपडे ठेवले, तर म्हणाले, "ती दुसऱ्या ड्रायव्हरची जागा आहे. उचल." खेळातसुद्धा ते सिग्नल तोडत नाहीत, उतारावर गिअर पाडतात, आणि गाडी पोचली की माल कुठला, किती वाजता पोचला हे कागदावर लिहितात. लायसन्स गेल्याला चौदा वर्षं झाली, पण हात विसरलेले नाहीत.

खेळवाले अधूनमधून नव्या रस्त्यांची चित्रं दाखवतात. बाबा ती भिंग लावून बघतात. काल मला हाक मारली आणि म्हणाले, "त्याला लिही. म्हणावं, एकवीस तारखेला ये आणि माझ्या शेजारी बस. नवव्या वळणापासून वरचं दुकान किती लांब होतं, ते तुझ्या डोळ्यांदेखत चालवून दाखवतो. मग ठरव मी कुठे होतो ते."

ऐकलं तसं लिहिलं आहे.

तुमची,
पुतणी

---

११ एप्रिल

कारकूनबाई,

पत्र मिळालं. तू चुका दुरुस्त करायला पत्र लिहितेस की पत्र लिहायला चुका करतेस, हे मला अजून कळलेलं नाही.

इकडे ठीक. दिवसभर काट्यावर बसतो. गाडी येते, वजन करतो, पावती फाडतो. एक पाय नसलेल्या माणसाला याहून बरं काम नाही, जगच आपल्यासमोर येऊन उभं राहतं. कागद संपला म्हणून रद्द पावत्यांच्या मागे लिहितोय. पुढची बाजू वाचू नकोस, त्यात सिमेंट आहे.

आता दादाचं. लोकांच्या घरी पोरं खेळतात आणि बाप ओरडतो. आपल्याकडे बाप खेळतो आणि पोरगी त्याची चिठ्ठी पोचवते. मी चौदा वर्षं त्याच्या दारात आलो नाही, तो एका खेळासाठी येईन असं त्याला वाटतं?

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. घरात काय बोलले असतील, देव जाणे. म्हणून एकदा माझ्या हातचं वाच. दादा चालवत होता, मी शेजारी झोपलो होतो. जाग आली तेव्हा गाडी दरीत झाडांना टेकली होती आणि माझा पाय पत्र्यात अडकला होता. सकाळचे आठ वाजले असतील. दादा म्हणाला, वर जाऊन माणसं बोलावतो. गेला तो अकराला आला. म्हणाला, दुकान लांब होतं, तिथला फोन बंद होता, शेवटी एक दुधाचा टँकर थांबवून निरोप दिला, घरी फोन कर म्हणून. मग आम्ही वाट बघत बसलो. तुमच्या घरासमोर कंपनीचं गॅरेज, तिथे क्रेन उभी. तीन तासांचा रस्ता. क्रेन आली संध्याकाळी पाचला, आणि तीही घाटातल्या एका बसवाल्याने बघितलं म्हणून. तोवर पाय गेला होता.

ते दुकान लांब नव्हतं. तिथल्या गाड्यांचे हॉर्न मला ऐकू येत होते. दादा तिथे तीन तास बसून ब्रेक गेल्याची गोष्ट जुळवत होता. डोळा लागला होता हे सांगायची त्याची हिंमत नव्हती. टँकर-बिंकर काही नव्हता.

आणि हे मी रागाने म्हणत नाही. माझ्याकडे साक्षीदार आहे. तो साक्षीदार तू. फोनशेजारची वही तुझ्याकडे होती. घरात आलेला प्रत्येक निरोप तू त्यात उतरवायचीस, ते तुला मीच शिकवलं होतं: ऐकलं तसं लिही, आपलं डोकं घालू नकोस. फोन आला असता तर वहीत असता. नव्हता. वहिनी म्हणाली नव्हता, तू म्हणालीस नव्हता. दादा खोटं बोलेल, वहिनीही बोलेल एखादवेळ. तुझी वही बोलणार नाही.

त्या नकाशात दुकान दाखवलंय का? उगाच विचारतो.

काका

---

१९ एप्रिल

प्रिय काका,

मागच्या पत्रात 'तीन पेडलं' लिहिलं होतं. ती तीनच आहेत, मी पुन्हा मोजली. पण सीट 'बसवून घेतली' हे बरोबर नाही. बाबांनी स्वतः बसवली, दोन दिवस लागले, पाठ धरली.

दुकानाचं विचारलंत. आतापर्यंतच्या चित्रांत दिसलेलं नाही. एका चित्रात वळणावर पांढरी भिंत आहे, बाबा म्हणतात तोच दुकानाचा कोपरा. मला भिंग घेऊनही भिंतच दिसते. दुसरी एक गोष्ट मला परवा कळली, ती बाबांना सांगितलेली नाही. या खेळातली अंतरं खरी नसतात. एकोणीस किलोमीटरचा रस्ता एका किलोमीटरमध्ये बसवतात, नाहीतर माणूस कंटाळेल. म्हणजे दुकान दिसलं तरी ते वळणाला चिकटून दिसेल, खरं अंतर काही का असेना. बाबा दोन वर्षं खेळतात, त्यांना हे माहीत असायला हवं. माहीत असूनही विसरायचं ठरवलं असेल.

टँकरवाल्याबद्दल लिहायचं होतं. तो होता, काका. बाबा त्याला नावाने ओळखत नव्हते, पण नंतर त्यांनी दूधडेअरीत जाऊन त्याला शोधून काढलं होतं. तो म्हणाला, मी फोन केला, एका लहान मुलीने उचलला. बाबांनी त्याची कॉलर धरली, माझ्या पोरीचं नाव घेऊ नकोस म्हणून. त्याच्या मालकाला सांगितलं, हा माणूस खोटारडा आहे. त्याला कामावरून काढलं. गेल्या महिन्यात तो वारला. बाबांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, "मेला तरी खरं बोलला नाही." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाबांनी तुमचं पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. मला सांगितलं, उत्तर लिही. पुढचं त्यांचं आहे, एक शब्द माझा नाही:

"माझा डोळा लागला होता. ब्रेक ठीक होते. चौकशीत मी ब्रेक म्हणालो ते खोटं होतं. आता सांगतोय. पण मी बसलो नव्हतो. वर चढताना दोनदा पडलो. माझ्या तीन फासळ्या मोडल्या होत्या, ते तू कधी विचारलं नाहीस. दुकान लांब होतं. परत खाली आलो ते तू एकटा आहेस म्हणून. माणसं निघाली असतील या भरवशावर बसून राहिलो, नाहीतर दुसरी दहा वाहनं अडवली असती. एवढं एकदा येऊन बघ. बाकी काही मागत नाही."

हे सांगून ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज मात्र आला नाही.

तुमची,
पुतणी

---

२८ एप्रिल

कारकूनबाई,

तुला टँकरवाल्याचं वाईट वाटलं. तू जात्याच हळवी. बापाचं खोटं निभवायला तो माणूस काहीतरी बोलला असेल, लहान मुलगी वगैरे. मेलेल्या माणसाशी माझं भांडण नाही.

दादाचा मजकूर चार वेळा वाचला. डोळा लागला होता, हे तीन शब्द ऐकायला मला चौदा वर्षं लागली. फासळ्यांचं मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही हेही खरं. त्या वेळी माझं लक्ष दुसरीकडे होतं, म्हणजे पाय कुठे आहे तिकडे.

एकोणिसाला एक? असला काटा मी लावला तर मालक मला दुसऱ्या पायानेही घरी पाठवील. पण ऐक. मला अंतर मोजायचं नाही, दादाचं तोंड बघायचं आहे. त्या वळणावर आल्यावर तो माझ्याकडे बघतो की रस्त्याकडे, एवढ्यावर मला कळेल. ड्रायव्हरचं खोटं मानेत दिसतं.

एकवीस तारखेची रजा टाकली. आठ वर्षांतली पहिली. मालक म्हणाला, लग्न आहे काय? म्हटलं, हो, दोन म्हाताऱ्यांचं. सकाळच्या बसने निघेन, साडेनऊला स्टँडवर घ्यायला ये. तुमच्या जिन्याला कठडा आहे ना? आधी नव्हता.

त्याने खरं सांगितलं असं मला वाटलं, तर मी त्याच्यासमोर म्हणेन की मी चुकलो. नाही वाटलं, तर परत येणार नाही, आणि त्याच्या मयतालाही बोलावू नका. हे दादाला आधी सांगू नकोस, नाहीतर मान सरळ ठेवायचा सराव करील.

काका

---

८ मे

प्रिय काका,

दोन गोष्टी आहेत. लहान आधी.

परवा खेळवाल्यांनी पूर्ण नकाशाचं चित्र टाकलं. आपला घाट त्यात नाही. चार वर्षांपूर्वी तिथे बोगदा झाला, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता सगळ्या गाड्या बोगद्यातून जातात आणि खेळातही तोच रस्ता घेतला आहे. वळणं नाहीत, दुकान नाही. पांढरी भिंत बोगद्याच्या तोंडाची होती. बाबांनी बराच वेळ चित्र बघितलं. मग भिंग पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाले, "त्याला सांगू नकोस. येऊ दे तरी." मी सांगते आहे, कारण तुम्ही त्या वळणासाठी येणार आहात, आणि ते नाही.

आता दुसरी. तुम्ही हे पत्र बसून वाचा.

टँकरवाल्याने फोन केला होता. तो मी उचलला होता.

आई गॅरेजमध्ये जेवणाचे डबे द्यायला गेली होती. फोनमध्ये खूप खरखर होती. माणूस ओरडून बोलत होता. मला जे ऐकू आलं ते एवढंच: "गाडी खाली... नव..." आणि मग आवाज गेला. तो म्हणत असणार, गाडी खाली आहे, नवव्या वळणावर. पण आपल्या घरात 'गाडी खाली' याचा एकच अर्थ होता. तुम्ही दोघे माल उतरवला की दर वेळी फोन करून तेच सांगायचात: गाडी खाली झाली, निघतोय. मी ते वहीत पन्नास वेळा लिहिलं असेल. म्हणून अर्धं ऐकलेलं वाक्य मी पूर्ण केलं. नीट अक्षरात लिहिलं: 'गाडी नऊ वाजता खाली झाली.'

तुम्ही म्हणाला होतात, आपलं डोकं घालू नकोस. मी 'झाली' घातलं आणि 'वाजता' घातलं. दोनच शब्द.

आईने येऊन वही बघितली आणि म्हणाली, "बरं झालं, लवकर उतरवला माल, संध्याकाळपर्यंत येतील." आणि तिने तुमच्यासाठीही भाकऱ्या टाकल्या. खाली, खिडकीसमोर, क्रेन दुपारपर्यंत उभी होती. तिच्या सावलीत गॅरेजवाले पत्ते खेळत होते. मी खिडकीत बसून पाढे म्हणत होते.

बसवाल्याची खबर आली तेव्हा आईला कळलं. तिने वहीतलं पान फाडलं, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "फोन आलाच नाही. कुणीही विचारलं तरी. तू काही ऐकलं नाहीस." तुम्ही इस्पितळातून आल्यावर मला विचारलंत. मी म्हणाले, नाही आला. मला लिहायला तुम्ही शिकवलंत, खोटं बोलायला आईने, दोन्ही घरातच झालं. त्यानंतर सहा महिने मी शाळेत गेले नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या शिवणाच्या डब्यात ते पान मिळालं. तिने जाळलं नव्हतं. का, ते मला माहीत नाही.

तुम्ही पावत्यांच्या मागे पत्र लिहिता. पुढची बाजू वाचू नकोस म्हणता. प्रत्येक पावतीवर दोन रकाने छापलेले असतात, 'भरलेली' आणि 'खाली'. पत्र उलटलं की तो शब्द दिसतो. मी दर वेळी वाचते.

बाबा खरं बोलत होते. टँकरवालाही. तुमच्या साक्षीदाराने खोटी साक्ष दिली. तुमचा पाय माझ्यामुळे गेला. या वाक्यात काही चूक आहे का, ते मी पुष्कळदा तपासलं आहे.

पुतणी

---

१४ मे

बाई,

पत्र मिळालं. दोन दिवस काट्यावर बसलो नाही.

तू अकरा वर्षांची होतीस. हे लिहायला हवं म्हणून लिहितो. ते मला पटतं, पण त्याने पाय दुखायचा थांबत नाही. नसलेला पाय दुखतो, तुला माहीत नसेल.

आता मी सांगतो ते कर. पान जाळ. दादाला काही सांगू नकोस. तो म्हातारा झालाय. त्याला एवढंच माहीत आहे की एका टँकरवाल्याने त्याला फसवलं. तेवढ्यावर तो उभा आहे. तू सांगितलंस तर त्याला काय मिळेल? एका निरपराध माणसाची भाकरी मोडल्याचं ओझं, आणि तू. घरात एकच माणूस उरलंय त्याचं. आणि बायको बारा वर्षं, मरेपर्यंत, शेजारी झोपून गप्प राहिली, हे वर. वहिनीने जे केलं ते बरोबरच केलं. तिला कळत होतं, घर कशावर उभं असतं ते.

माझं विचारशील तर, मी इतकी वर्षं दादाला शिव्या घालून जगलो. आता त्या कुणाला घालू? तुला घालता येत नाहीत. त्याच्यासमोर उभं राहून 'मी चुकलो' म्हणायचं, तर का चुकलो ते सांगावं लागेल. म्हणून मी येत नाही. रजा परत घेतली. मालकाला सांगितलं, लग्न मोडलं.

दादाला कळव, बोगद्यामुळे येत नाही. बघायला वळणच नाही तर येऊन काय करू. हे त्याला पटेल.

तू कारकून आहेस. न्यायाधीश होऊ नकोस.

काका

---

१८ मे

प्रिय काका,

तुमचा निरोप मी बाबांना दिलेला नाही. तो तुमचा खरा निरोप नव्हता, आणि खोटा निरोप एकदा पोचवला आहे, तेवढा पुरे. काल त्यांनी विचारलं, "त्याचं काही आलं का?" मी म्हणाले, "आलंय, गुरुवारी सांगते." त्यांना वाटलं तुम्ही येताय. तो गैरसमज मी दुरुस्त केला नाही. हीसुद्धा माझी चूक, आणि ती तीन दिवस राहणार आहे. जिन्याला कठडा आहे का, हे त्यांनी स्वतः खाली जाऊन हलवून बघितलं. खुर्चीला गादी बांधली. दाढी करायला माणूस बोलावला आहे.

तुम्ही म्हणता, त्यांना काय मिळेल. मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित ते मला घरातून जा म्हणतील, मी छापखान्याजवळ एक खोली बघून ठेवली आहे. पण वर चढताना ते दोनदा पडले आणि निरोप पोचला, हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, त्यांनी चुकीच्या माणसावर भरवसा ठेवला. त्यांनी बरोबर माणसावर ठेवला होता. चुकीचं माणूस फोनच्या या टोकाला होतं.

आई बरोबर होती असं तुम्ही लिहिलंत. आता तिने सांगितलं तेच तुम्ही सांगता, जवळजवळ त्याच शब्दांत. मला राग आला नाही. फक्त इतकं लक्षात आलं की तुम्ही शिकवलं होतं ते तुम्हीच विसरलात.

टँकरवाल्याची बायको डेअरीच्या मागे राहते. तिच्यासाठी एक पत्र लिहिलं आहे. त्याची प्रत यासोबत ठेवली आहे, तुमचं नाव त्यात नाही. पान जाळलेलं नाही. घडीवर विरलं आहे, म्हणून पातळ कागदात घालून ठेवलं आहे.

खेळवाले नवा नकाशा सकाळी दहा वाजता उघडणार. बाबा नऊपासून सीटवर बसतील, मला माहीत आहे. त्यांनी किल्ली फिरवायच्या आधी मी त्या खुर्चीवर बसेन आणि पान त्यांच्या हातात देईन. वाचायला भिंग लागेल, ते मीच काढून देईन.

पत्राला तीन दिवस लागतात. हे तुम्हाला त्याच सकाळी मिळेल. थांबवायला वेळ उरणार नाही, पण निघावंसं वाटलं तर दुपारची बस आहे, ती मी स्टँडवर विचारून घेतली.

या पत्रात कुठे चूक असेल तर कळवा. तारीख मी तपासली आहे: गुरुवार, एकवीस मे, सकाळी साडेनऊ.

पुतणी